एका विमानाची कंपनी

अहो, एका विमानाची कुठे कंपनी असते का? पण आमची होती! राजधानी ट्युनिसच्या मोठ्या कंपनीने वाळवंटाच्या कडेच्या आमच्या तोझूर गावासाठी काढलेली पिल्लू कंपनी, 'नखील एअर', नखील म्हणजे खजुराची झाडं... शेपटीवर खजुराचं झाड, विमान एकच, आणि बसस्टँडवरची एकोणीस वर्षांची नोकरी सोडून तिथे स्टेशन मॅनेजर झालेला शहाणा कोण, तर मी! सासूबाई, मन्नूबियाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, त्या तेव्हाच म्हणाल्या, "जावईबापू, ते बिघडलं तर काय उडवणार?" म्हटलं, मोठी कंपनी पाठीशी आहे.

पाठीशी कसली... तुम्हाला सांगतो, मोठ्यांचं एखादं विमान कुरकुरलं की आमचं उचलून न्यायचे, आणि मी इकडे चाळीस प्रवाशांना पुदिन्याचा चहा पाजत बसायचो. ट्युनिसला फोन केला की तिथली बाई मधाळ आवाजात म्हणणार, "तुम्ही आमचंच लेकरू ना, समजून घ्या." आता लेकरू म्हटल्यावर काय भांडणार? पण एका विमानाची कुठे कंपनी असते का?

त्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. चार महिने थांबून मिळालेली, गुरुवार, दुपारी दोन, ट्युनिस. बायको म्हणत होती, आदल्या दिवशी टॅक्सीने नेऊ. मी छाती काढून सांगितलं, माझ्या विमानात, खिडकीपाशी! गुरुवारी सकाळी सातला सासूबाई हजर, मांडीवर मक्रूदचा, म्हणजे खजुराच्या वड्यांचा डबा. साडेसातला फोन... विमान जेर्बा बेटावर, तिथे अडकलेल्यांना ट्युनिसला आणायला.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "बिघडलं?"

"नाही हो, ठणठणीत आहे. दुसरीकडे आहे."

मग काय, गणवेशातला स्टेशन मॅनेजर सगळ्या प्रवाशांना तसंच टाकून सासूबाईंना घेऊन शेअर टॅक्सीत. आठ माणसं, सात तास, माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी! पावणेतीनला पोचलो. मला वाटलं तारीख गेली, आता बायकोला काय तोंड दाखवू? तर डॉक्टरच आले नव्हते! तीनला धापा टाकत आले, "माफ करा हं, जेर्बाला आमचं विमान बंद पडलं. नशीब, खजुराचं झाड काढलेलं एक छोटं विमान धावून आलं. काय सुंदर सेवा!"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. दिसत नव्हतं, तरी बघत होत्या.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली, त्यांनी उशाजवळचं वर्तमानपत्र उचललं आणि वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचलं, "नखील एअर आजपासून बंद."

मग घडी घालून म्हणाल्या, "अक्षरं किती स्वच्छ दिसतात हो, जावईबापू."