शिटी झाली, पण चाक थांबलं का?

मंडळी, सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू जाऊ द्या. आज एकच प्रश्न. जे काम रोज केलं आणि ज्याचा उपयोग एकाही दिवशी दिसला नाही, ते काम उद्या करायचं की सोडायचं? — पाहा, माना कशा खाली गेल्या! असू द्या. उत्तर मी देत नाही. कोंडाजी देईल.

कोण कोंडाजी? कोंडाजी भांगरे! काळ वाफेच्या इंजिनांचा. सह्याद्रीतला एक घाट, आणि त्याच्या उतारावर हा सांधेवाला. रुळांचा सांधा बदलून गाडीला एका लाईनीवरून दुसरीवर नेणारा. उतार केवढा? सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट खाली. किरकोळ वाटतं ना? पाठीला नऊ डबे लागले की कळतं!

म्हणून तिथे एक रीत होती. सांधा कायम वाळूच्या लाईनीकडे वळवलेला. ही लाईन कुठेच जात नाही — टेकाड चढते आणि वाळूच्या ढिगात संपते. गाडीने सांध्याच्या अलीकडे थांबायचं. पूर्ण थांबायचं! मग ड्रायव्हरने शिटी द्यायची, मग कोंडाजीने सांधा बदलायचा, मग गाडी खालच्या वळणाकडे. वळणावर पूल, पुलाखाली दोनशे फूट दरी. ब्रेक न लागलेली गाडी थांबणारच नाही; ती आपसूक वाळूत जाईल. किती सरळ विचार!

पण अकरा वर्षांत एकही गाडी वाळूत गेली नाही. मग माणूस काय करतो? कंटाळतो! ड्रायव्हर वरच्या वळणावरूनच शिटी देऊ लागले — ‘थांबतोच आहे, तू बदल सांधा!’ दुसऱ्या पाळीचा सांधेवाला बदलायचाही. कोंडाजी? चाक थांबलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दांड्याला हात नाही! प्रत्येक गाडीला अर्धं मिनिट उशीर. दोन तक्रारी झाल्या. बायको ठकुबाई म्हणाली, “तुमचा हात काय मुहूर्त बघून उठतो का वो?”

एके दिवशी सकाळी रेगे मास्तर स्टेशनातून धापा टाकत आले. “कोंडाजी, आज गाडीत मोठे साहेब आहेत. शिटी झाली की सांधा बदल! रखडली गाडी तर तिसरी तक्रार — आणि तिसरीला नोकरी जाते. रेल्वेची खोलीही जाते!”

खोलीत कोण? ठकुबाई आणि चार लेकरं.

आणि शिटी झाली!

“झाली! ओढ दांडा!”

कोंडाजीने दांडा धरला. हो मंडळी, धरला! मन म्हणालं, अकरा वर्षं थांबतेय, आजही थांबेल. ओढ!

“मास्तर, शिटी ऐकली. पण चाक कुठं थांबलंय?”

“अरे, थांबेल!”

“मग थांबू द्या की!”

तेवढ्यात गाडी वळणातून बाहेर आली. ब्रेक घट्ट आवळलेले, तरी दवाने ओल्या रुळांवरून घसरतेय — ठिणग्या! किंकाळ्या! सर्रकन सांध्यावरून वर चढली, घुसली वाळूत, आणि इंजिन चिखलात म्हैस बसावी तसं कुशीवर टेकलं. फुस्स!

मेलं कोण? कुणी नाही! फायरमनचा हात मोडला, लग्नाला निघालेल्या एका व्याह्याचा दात पडला, आणि बुंदीचे दोनशे लाडू डबाभर उधळले. व्याही दात शोधतोय की लाडू, कळेना!

साहेब उतरले. मिशीत बुंदी. “कुणी घातली गाडी वाळूत?”

रेगे मास्तर पुढे! “याने, साहेब! मी तर ओरडत होतो, सांधा बदल म्हणून!”

ड्रायव्हर पेस्तनजी लंगडत आला. “मास्तर, याने तुमचं ऐकलं असतं ना, तर साहेब हाच सवाल दरीतून विचारत असते!”

साहेबांनी पुलाकडे पाहिलं. खाली पाहिलं. मटकन वाळूत बसले. म्हणाले, “कोंडाजी, काय हवं ते माग.”

कोंडाजीने वाकून चाकं पाहिली. एकेक पाहिली.

“मागनं काही न्हाई साहेब. आता थांबलीय. डायवरसायबास्नी म्हनावं, शिटी द्या.”

हसताय? हसा! पण तुमच्या घरीही एक कोंडाजी आहे. निघताना म्हणतो, थांबा, गॅस बंद केलाय ना, पाहून येतो. अकरा वर्षं बंदच सापडलाय. तुम्ही दारात चपला घालून चिडता — “रोज काय तेच!” आणि देवाच्या बाबतीत? आपण लांबूनच शिटी देतो — मी सुधारतोच आहे देवा, तू आधी रस्ता दे! देव दांड्याला हात लावत नाही, मग आपण म्हणतो, देव निष्ठुर आहे. निष्ठुर नाही हो. तो तुमचं चाक पाहतोय. थांबवा — आणि मग हाक मारा!