गोगलगायींचं पाणी

"रोज दहाला पाणी बदल, त्यांना रविवार नसतो," असं बजावून सर निवृत्त झाले होते आणि तिनं शब्द दिला होता. संशोधनाचा निधी संपल्याचं पत्र आलं म्हणून आज ती प्रयोगशाळेची किल्ली परत करायच्या रांगेत उभी होती. सोबत थोरली बहीण.

"पत्रात काय लिहिलंय गं?"

"माझं संशोधन अत्यंत मोलाचं आहे."

"म्हणजे संपलंच. माणूस गेल्यावरच लोक इतकं गोड बोलतात."

"गोगलगायींना आठवण असते, हे दाखवायला नऊ वर्षं लागली, ताई."

"आणि संस्थेला तुला विसरायला एक पान. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, ते तुमच्या संचालकांना. आता त्या जिवांचं काय?"

"पत्रात त्यांना 'उर्वरित साहित्य' म्हटलंय. सोमवारी दुसऱ्या विभागाचे लोक नेतील. तोवर खोलीला कुलूप."

"आज तर शुक्रवार. तीन दिवस त्याच पाण्यात?"

"साहित्याला काय होतंय."

"मग दे किल्ली आणि सूट."

"किती वाजले?"

"दहाला पाच कमी. अगं, तुझाच नंबर आलाय. जागा धरू का?"

"सोमवारी धर."

तिनं मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं आणि किल्ली मुठीत घेऊन प्रयोगशाळेच्या जिन्याकडे निघाली.