हरिहरकाकांचा डबा

दुसऱ्यांच्या बोलण्याला कान देऊ नये, असं सासूबाई सांगायच्या. हेमांगीने ते कधी मनावर घेतलं नाही. आजही डोंबिवलीत बाळाच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघताना तिचे कान शेजारच्या बाकावर होते. तिथे पोळीभाजी केंद्राच्या शुभदाताई आपल्या भाचीशी बोलत होत्या.

“मावशी, ऑर्डरी ॲपवर घेतल्यापासून फोनची कटकट गेली की नाही?”

“गेली गं. पण फोनवर निम्मं गाव भेटायचं. कुणाला खोकला, कुणाची लेक माहेरी आलीय, सगळं कळायचं.”

“आणि भाजी करपायची.”

“करपायची. हरिहरकाका रोज विचारायचे, ‘आज कोणती भाजी?’ दुधी म्हटलं की म्हणायचे, ‘मग आज उपास.’ तरी डबा न्यायला हजर.”

“ते ॲपवर नाहीत?”

“त्यांचा साधा बटणांचा फोन.”

“मग जुन्या नंबरवर करतील.”

“तो तूच बंद केलास ना, गेल्या आठवड्यात.”

“दुकानात येतील की.”

“तेच तर. आलेच नाहीत.”

“घर कुठंय?”

“कोपरला एकटे राहतात, एवढंच ठाऊक. कधी विचारलंच नाही, रोज बोलायचो ना.”

हेमांगीने बाळाला घट्ट धरलं.

तुम्ही कोपरला राहत असाल आणि दुधीला नाक मुरडणारे एकटे आजोबा तुमच्या बिल्डिंगमध्ये असतील, तर जरा त्यांची बेल वाजवून बघा.