खोडमाशीची खीर

हॅलो?… हां, बदनापूरच्या फार्मावरून बोलून राह्यलो, धुळाजी… धुळाजी, साहेब. माश्यावाला.

…न्हाई न्हाई, जित्त्या हायेत. समद्या खोडमाश्या पिंजऱ्यात ज्वारीच्या रोपांवर बसल्यात.

…खाणं? घातलं की. तुम्ही मंगळवारी फोनवर सांगितलं तसंच. दूध, साखर आन् खीर.

…खीर, साहेब. …खमीर? ते काय असतंय?… पाव फुगवायचं? आता बदनापुरात पाव कोण खातंय. लाईनीत खरखर व्हती, मला खीरच ऐकू आलं. मी म्हणलं बी, सरकार माश्यांवर लई मेहरबान झालं. लढाईपायी माणसाला साखर रेशनवर, आन् ह्यांना खीर.

…ऐका तर, साहेब. परवा हैदराबादचे मोठे साहेब येणार. माश्या मेल्या तर धुळाजी घरी, तुम्हीच म्हणल्ते. म्हणून तर आमच्या घरवालीला, आसराबाईला, चांगली शेवयाची खीर करायला लावली.

…काढून काय टाकू, संपली. …माश्यांनीच असं न्हाई… उरलेली मी जरा चाखली.

…अहो, पहिलं ते साखरपाणी ठेवायचो, त्यात रोज धा-वीस बुडून मरायच्या. आता शेवयावर बसतेत आन् खालचं दूध वढतेत. एक बी बुडाली न्हाई. आन् अंडी घातली.

…हो, अंडी. पानाच्या खालून, पांढरी, तांदळाच्या कणीवानी. कोणत्या ज्वारीला कीड लागत न्हाई ते बघायला सहा म्हयने तुम्ही ज्या अंड्यांपायी डोकं धरून बसल्ते, तीच.

…हॅलो?… साहेब, हळू बोला, कान फुटंल.

…शेवया किती? अंदाजानं. …दूध बी अंदाजानं. …तोळ्यात कसं सांगू, चुलीपुढं ती व्हती, मी न्हाई.

…पुन्हा मोजून करायला लावतो की, आजच लावतो. पण साखर एकाच खिरीपुरती ऱ्हायली. परवा मोठ्या साहेबांच्या ताटात गोड करायचं, का माश्यांना?… माश्यांना. बराबर. साहेबांना गूळ.

…मंग माझी नोकरी ऱ्हायली ना?… ऱ्हायली? लई उपकार झाले, साहेब… कुणाच्या हाताखाली?

…आसराबाईच्या?… ते तर घरी हायेच की, साहेब. आता इथं बी?

…हो, हो… इथंच उभी हाय. देतो.

धर गं. साहेबाला तुझ्याशीच बोलायचंय… अगं उलटा धरलास, वायरीकडचं तोंडाशी घे… आन् ऐक ना, माझं बी नाव सांग. चूल धुळाजीनं फुकली म्हणावं.