दोन मिनिटं दहा सेकंदांवरचा डाग

...आणि वर साहेब मला म्हणतो, "पार्टी दे!" कसली पार्टी देऊ, कप्पाळ? तुम्हाला सांगतो, स्वच्छतेसारखा दुसरा रोग नाही!

माझं काम काय, तर जुन्या हॉलिवूड सिनेमांचं संगीत धुऊन काढायचं. खरखर, चरचर, व्हायोलिनवाल्याची शिंक... सगळं काढायचं आणि वीस धुनांचा अल्बम करायचा. निव्वळ पोटासाठी नाही हो करत! शंभर माणसं श्वास रोखून वाजवतात आणि ते गोदामात सडतं? कॉलेजपासून रक्त उसळतं माझं! साहेबाचा मात्र एकच धोशा, "काचेसारखं पाहिजे! काचेसारखं!"

तर एकोणीस धुना मिळाल्या, चौदावी मिळेना. सिनेमावाल्या कंपनीनं तिच्या मूळ फिती कधीच भंगारात घातलेल्या! मग मीच शहाणा छाती फुगवून म्हणालो, "आमच्या बाबांकडे आहे!"

होतीच. लग्नानंतर बाबांनी रेडिओसमोर माईक धरून टेप केलेली. दर रविवारी लावायचे. बरोबर दोन मिनिटं दहा सेकंदांनी ट्रम्पेट चढतात आणि टेपमध्येच मागून आई ओरडते, "अहो, दूध बघा!" की बाबा खुर्चीतूनच, "बघतो गं." आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. बाबांचं "बघतो गं" मात्र चालूच.

टेप देताना म्हणाले, "नीट परत आणशील ना रे?" मी म्हटलं, "बाबा, जगाची ठेव आहे ती!" जगाची! जीभ झडली कशी नाही माझी?

टेप एकदाच वाजली. तपकिरी थर भुकटी होऊन गळाला, खाली नुसतं प्लॅस्टिक! पण प्रत संगणकात उतरली होती. आता आमचं काम कानांनी कमी, डोळ्यांनीच जास्त. पडद्यावर आवाज रंगांत दिसतो. नको तो डाग दिसला की खोडायचा. त्या दिवशी सातशे डाग खोडले, हेडफोन गळ्यात! दोन मिनिटं दहावर एक पिवळा डाग होता, चांगला ठसठशीत... खोडला. आणि आमचा नियम असा, की धुतलेली प्रत तयार झाली की कच्ची पुसायची. नाहीतर चुकून मळकीच छापायला जाते म्हणे! पुसली. तुम्हाला सांगतो, स्वच्छतेसारखा दुसरा रोग नाही!

कळलं कधी? रविवारी, बाबांसमोर! सीडी लावली. ट्रम्पेट चढले... काच! नुसती काच! बाबा म्हणाले, "बघतो गं," आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं हो! ते एवढंच म्हणाले, "छान झालंय. अगदी स्वच्छ." आणि उठून खरंच गॅसपाशी जाऊन उभे राहिले.

साहेबाचा फोन, "चौदावी सगळ्यांत स्वच्छ, असं पेपरात लिहून आलंय! पार्टी दे!"

आता दर रविवारी मी सीडी लावतो, दाराआड उभा राहतो, दोन मिनिटं दहा सेकंद झाले की गळा बारीक करून ओरडतो, "अहो, दूध बघा!" काय करणार? कुणीतरी ओरडायला हवं ना?

परवा बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "तिचा आवाज एवढा खरखरीत नव्हता रे. जरा स्वच्छ कर."