आमच्यात सोसत नाही

—म्हणजे तू नाहीच म्हणणार. म्हण बाई. आईचीच लेक, एकदा मान हलली की हलली. पण बस तरी, प्रणिता, उभ्या उभ्या नको बोलूस, सातवा लागलाय तुला. ती उशी घे पाठीशी. बनी पार्कातनं इथं मालवीय नगरापर्यंत रिक्षानं आलीस, हाडं खिळखिळी झाली असतील. त्या भैयाला सांगायचंस ना, धीरे चलाओ म्हणून. दहा वर्षांनी दिवस गेलेत तुला, दहा वर्षांनी! नवऱ्याची बदली झाली तीही नेमकी मी राहते त्याच गावात, आणि मी सख्खी चुलती असून तुझं डोहाळजेवण करायचं नाही? का, तर आईनं फोनवर सांगितलं, आमच्यात सोसत नाही. अगं सोसत नाही म्हणजे काय? कुळाचार आहे का तो? पोथीत लिहिलंय? हे तुझ्या आईनं काढलं, तू पोटात होतीस तेव्हा, आणि तेव्हापासनं आमच्या घरात एका सुनेला कुणी हिरवी साडी नेसवून झोपाळ्यावर बसवलं नाही, की कुणाला पेढा-बर्फीच्या वाट्या उघडायला लावल्या नाहीत. मला संग्राम झाला तेव्हा माझंसुद्धा नाही झालं. माझं राहू दे म्हणा. माझं होऊच नये असं होतं.

हा चुडा बघ. सूनबाईनं काल मणिहारांच्या रस्त्यावरनं आणला. तिथं सगळ्या लाखेच्या बांगड्या, मी म्हटलं मला काचेच्याच पाहिजेत, हिरव्यागार, तर बिचारी चार दुकानं हिंडली. संग्रामच्या बँकेतल्या तीन मराठी बायका यायच्यात, त्यातली एक नागपूरची, तिला ओटीची गाणी येतात. एवढं सगळं जमवलंय. आणि तू बघतेयस कशी, मी काही तुला विष घालतेय असं.

तुझ्या आईचं म्हणणं मला तोंडपाठ आहे, तू नको सांगूस. एकाहत्तरची लढाई चालू होती, तुझे वडील, विलासभावजी, राजस्थानच्या सरहद्दीवर. इकडं गावात यमुनाचं डोहाळजेवण झालं रविवारी, बारा तारखेला. मंगळवारी तार आली, की विलासभावजी रविवारीच गेले. झालं! तिनं तारीख ऐकली आणि अंगावरची ती साडी तिला जणू चावायलाच लागली. तो तिकडं प्राण सोडत होता आणि मी फुलं माळून झोके घेत होते, माझ्याच पायानं झालं — हे तिचं. तेहेतीस वर्षं हेच. सत्तावनची झाली, अजून कुठल्या कार्याला गेली तर मागं, भिंतीला टेकून बसते. मी किती समजावलं असेल तिला! म्हटलं यमुने, वेडी का काय तू, तुझ्या झोक्याचा आणि त्यांच्या मरणाचा काय संबंध, ते तर आधीच्या सोमवारपासनंच दवाखान्यात पडून होते, तू झोका घेतला असतास काय आणि—

काय?

दवाखान्यात म्हटलं का मी? — नाही गं. सरहद्दीवर म्हणायचं होतं. वय झालं आता, एक म्हणायला जावं तर दुसरंच... पाणी देऊ तुला? सरबत करू? हे बघ, असं टक लावून नको बघूस माझ्याकडं. त्यांचे डोळे आहेत तुला. विलासभावजी असंच बघायचे, मी पोस्टात पैसे टाकलेत म्हणून खोटंच सांगितलं की, नुसते बघत राहायचे.

हो. दवाखान्यात. सहा दिवस. — कुठल्या म्हणजे? इथल्याच. अगं इथल्याच, जयपूरच्या, लष्कराच्या दवाखान्यात. संग्रामची बदलीची ऑर्डर आली तेव्हा तो पेढे घेऊन आला, आई आपल्याला जयपूर मिळालं, राजेरजवाड्यांचं गाव! माझ्या हातनं पेढा खाली पडला. तीन वर्षं झाली इथं येऊन, हवामहल झाला, गोविंददेवजी झाले, पण त्या दवाखान्याच्या रस्त्यानं मी एकदा गेलेली नाही. संग्रामला सांगते, त्या बाजूला गर्दी असते, मला गुदमरतं, लांबनं घे. तो घेतो बिचारा लांबनं. पेट्रोल जाळतो.

तुला कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला ठाऊकच नाही. सरहद्दीवर जागच्या जागी गेले, हाल झाले नाहीत, हे सगळ्यांना मी सांगितलं. मीच. आमच्या घरी वाचता येणारी मी एकटी ना! तुझे चुलते एसटीत कंडक्टर, आठवड्याला एकदा घरी. यमुनाला सही करण्यापुरतं अक्षर, आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, तुझी आजी, त्या तर कागदाला हात लावायच्या नाहीत. त्यांचे मालक मोठ्या लढाईत इटलीला गेले ते गेलेच. तार आली ती त्यांनी आनंदानं घेतली होती म्हणे, नवरा येतोय म्हणून, आणि शेजारच्या मास्तरांकडं पळत गेल्या होत्या वाचून घ्यायला. तेव्हापासनं पोस्टमन दारात दिसला की त्या माजघरात जाऊन जात्यापाशी बसायच्या. सगळं टपाल माझ्या हातात. मी सातवी पास, इंग्रजीसुद्धा चार अक्षरं. गावात मान होता मला त्या एका गोष्टीचा, दुसऱ्या कशाचा नव्हता.

पेन्शनच्या सहीसाठी तालुक्याच्या कचेरीत यमुनाला मीच घेऊन गेले, त्या कागदांवर इंग्रजीत मरणाचं ठिकाण जयपूर असंच छापलं होतं. यमुनानं सही कुठं करायची ते मीच बोट ठेवून दाखवलं.

तार? एकच कशी. दोन आल्या. मंगळवारची दुसरी. पहिली आली गुरुवारी, नऊ तारखेला. — हो, डोहाळजेवणाच्या आधी. तीन दिवस आधी. नवरा जखमी, जयपूरला दवाखान्यात, प्रकृती गंभीर, घरच्यांनी यावं. एवढंच. — मग आत्याबाई म्हणाल्या, की राहू दे रत्ना, पोटुशी बाई आहे, ऐकून धसका घेईल, एवढा रविवार पार पडू दे, मग सांगू—

नाही. थांब. थांब, मेलेल्या बाईवर नको घालायला. आत्याबाई काही म्हणाल्या नाहीत. त्यांना मी सांगितलंच नाही, त्या आपल्या जात्यापाशी बसलेल्या. ज्ञानोबा पोस्टमननं विचारलं, वहिनी काय आहे तारेत, काही वाईट? मी म्हटलं, नाही हो, त्यांची बदली झालीय दुसऱ्या ठाण्यावर. आणि तार चोळीत घातली. रविवारपर्यंत तिथंच होती ती.

का म्हणून विचारतेयस. हजारदा विचारलंय मी मला. पहिल्यांदा उत्तर यायचं, की तुझ्याखातर. तू सात महिन्यांची पोटात, आईला दोन-दोन रात्री गाडीत बसवून न्यायचं, काही झालं असतं तर? माझी स्वतःची दोन गेली होती, एक पाचव्यात आणि एक जन्मून दीड दिवसानं. मला ठाऊक होतं काय असतं ते. किती छान उत्तर आहे, नाही? कुणीही पाठ थोपटेल. वीस वर्षं मी हेच धरून बसले. पण तुझे चुलते होते ना. त्यांना निरोप धाडायचा, ते गेले असते एकटे. आईला न्यायलाच कशाला पाहिजे होतं? ते भाऊ होते. धाकट्याचा हात धरून बसले असते. आपलं माणूस असतं.

खरं सांगू? नाही, तू जा खरं तर. जा घरी. हे तुझ्या या दिवसांत ऐकायचं नाही.

बसतेस? मग ऐक. आता माझ्यानं थांबवत नाही.

ज्या बाईची पोरं जगत नाहीत तिला कुणी पोटुशीची ओटी भरू देत नाही. तुला नवल वाटेल, तुमच्यात आता कोण मानतं. पण तेव्हा? कुणाचं डोहाळजेवण असलं की मी चुलीपुढं. पुरणपोळ्या लाटायच्या, पंगती वाढायच्या, आणि ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी म्हणायचं, रत्नमाला, आतलं दूध उतू जातंय बघ गं. दूध नसायचंच चुलीवर. मी आत जायची आणि उभी राहायची. सात वर्षं! आणि त्या खेपेला आत्याबाई सगळ्या भावकीसमोर म्हणाल्या, मी बोडकी, मला भरता येत नाही, तर यमुनेची पहिली ओटी माझी थोरली सून भरेल, ज्याला पटत नाही त्यानं जेवायला येऊ नये. माझ्या अंगावर काटा आला होता. मी खण आणला, जांभळा, काठाचा. पाच फळं, त्यात डाळिंब मिळेना म्हणून आठ मैल चालत बाजाराला गेले. आणि गुरुवारी ज्ञानोबा आला.

तार बाहेर काढली असती तर डोहाळजेवण मोडलं असतं. एवढंच, पोरी. दुसरं काही नाही. मी म्हटलं, जखमी आहेत ना, मेलेले नाहीत. सैन्यात माणसं जखमी होतात, बरी होतात. सोमवारी सकाळी सांगते. एवढा एक रविवार मला मिळू दे. आणि मिळाला मला. मी ओटी भरली. तुझी आई अशी लाजून हसली, मला वाकून नमस्कार केला, म्हणाली, आक्का, तुमच्या हातनं भरली, आता माझं बाळ सुखरूप येणार. आणि माझ्या चोळीत तो कागद टोचत होता. संध्याकाळी भांडी घासताना तो चुलीत टाकला. सोमवारी धीर झाला नाही, म्हटलं नवरा येऊ दे शनिवारी, मग बघू. मंगळवारी दुसरी तार आली.

पोहोचले असते. होय. इकडं यायला निघालो तेव्हा संग्राम म्हणाला, आई खिडकीत बस, सगळा मुलूख बघ. मी घड्याळ बघत होते. गुरुवारी निघायचं, सातारा-पुणे, पुणे-मुंबई, पुढं बडोदा, सवाई माधोपूर, तिथनं गाडी बदलायची. गाड्या उशिरा धरल्या, लढाईचे दिवस धरले, तरी शनिवारी संध्याकाळी माणूस त्या दवाखान्यात उभा राहिला असता. रविवारी दुपारी गेले ते.

ज्ञानोबा दु:खाला भेटायला आला होता, तो बोलला काहीतरी आत्याबाईंशी. काय बोलला मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासनं पोस्टमन आला की आत्याबाई स्वतः दारात जायच्या. कागद स्वतः घ्यायच्या आणि पदरात धरून तडक मास्तरांकडं. मला दिला नाही परत. बारा वर्षं. एक शब्द बोलल्या नाहीत, मरेपर्यंत माझ्या हातचं जेवल्या, पण कागद दिला नाही.

आणखी नको विचारूस. आहे, आणखी एक आहे, पण... ते आत्याबाई मास्तरांकडं जायला लागल्या त्याच्या आधीचं आहे. विलासभावजींच्या पलटणीतल्या साहेबांचं पत्र आलं होतं, हिंदीत, हातानं लिहिलेलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्यांना, शूरपणे लढता लढता गेले, क्षणात गेले. तुझी आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होती. तसं लिहिलेलंच नव्हतं त्यात. लिहिलं होतं की शेवटपर्यंत शुद्धीवर होते. रोज सकाळी नर्सला विचारायचे, घरनं कोणी आलं का. रविवारीसुद्धा विचारलं. ते पत्र मी हरवलं म्हणून सांगितलं.

तू रडू नकोस. रडू नकोस गं, बाळाला— बरं, रड. मला हात नको लावू देऊस, बरोबर आहे, मी नाही लावत.

आता कळलं ना, तिच्या झोक्यानं काही झालं नाही? तुझ्या आईचं काही चुकलं नव्हतं. तिनं उगाच स्वतःला भिंतीला टेकवून ठेवलं इतकी वर्षं, आणि मी बघत राहिले. तेहेतीस वर्षं ती म्हणायची माझ्या पायानं झालं आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवायची. तू कर डोहाळजेवण. मी नाही येणार. ओटी त्या नागपूरच्या बाईला भरू दे. मी सकाळीच देवळात जाऊन बसते, पण तू कर.

कुणाला लावतेयस? प्रणिता. ठेव तो मोबाईल. आज नको, मी पत्र लिहीन तिला, नाहीतर दिवाळीला जाऊन समोर बसून— ठेव म्हणते ना! तिचं ब्लडप्रेशर... हो. हो, तेव्हासुद्धा मी हेच म्हटलं होतं. धसका घेईल म्हणून.

वाजतंय? आण इकडं.

हॅलो. यमुना? मी बोलतेय... हां, जेवले. तू जेवलीस?... प्रणिता इथंच आहे, बरी आहे, सगळं बरं आहे तिचं. नाही गं, घसा बसलाय जरा... नाही, त्यासाठी नाही केला फोन. ऐक. यमुना, मध्ये बोलू नकोस, आणि मला आज आक्का म्हणू नकोस. बसून घे आधी. कशावर तरी बस.

तू बाहेर जा, प्रणिता. दार ओढून घे. हे तिला एकटीला ऐकू दे.

—यमुना, तार गुरुवारी आली होती.