वऱ्, आणि खाली हाड

(अकोट. एसटी स्टँडसमोर गजालाचे संगणकाचे दुकान. पुण्याच्या फोन-कंपनीतून आलेला तिचा वर्गमित्र, मूळचा परतवाड्याचा सूर्यभान उभाच आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका वच्छलाबाई खुर्चीत.)

सूर्यभान : तुझ्या हरकतीला गटाचं उत्तर आलंय. त्यावर एकच शब्द लिहायचा आहे, गजाला. ‘समाधानी.’ तो लिहिलास की मसुदा पुढे सरकतो.

गजाला : अन् मी समाधानी नसन तर?

सूर्यभान : तर जगभरचे लोक खोळंबतात. एका अक्षरासाठी!

वच्छलाबाई : जगाला खोळंबवणारं अक्षर अकोटात निघालं, हीच पंचाईत. पुण्यात निघालं असतं, तर त्याला संशोधन म्हटलं असतं.

सूर्यभान : मॅडम, यातली तांत्रिक बाजू जरा—

वच्छलाबाई : समजावून सांग. बारावीला मीही तुला प्रत्येक गोष्ट दोनदा समजावत असे.

सूर्यभान : वेबवरचं पान कुठल्याही फोनवर नीट दिसावं, म्हणून खुली मानकं असतात. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नसतात. कार्यगट मसुदा लिहितो, सर्वांसमोर ठेवतो, हरकती मागवतो. पानं बनवणारा कुणीही हरकत घेऊ शकतो.

वच्छलाबाई : आणि खरोखरच कुणी घेतली, की पुण्याहून माणूस येतो.

गजाला : मॅडम, हा जे टाळून राह्यला ते मी सांगते. फोनची पट्टी अरुंद. शब्द मावला नाई की ब्राउझर त्याले मधातून तोडते. मसुदा म्हन्ते, जोडाक्षर तोडू नये. पन कसं म्हन्ते? ‘तोडू नये, असे अपेक्षित आहे.’

सूर्यभान : अपेक्षित म्हणजे करायचंच.

गजाला : अपेक्षित म्हंजे नाई केलं तरी चालते. तुह्या कंपनीनं नाईच केलं. हे पाय, कापसावरच्या फवारणीच्या सल्ल्याचं पान. मीच बनवलं, अन् फोन तुमचाच. वाच.

सूर्यभान : ‘समस्त वऱ्...’

गजाला : खालची ओळ?

सूर्यभान : मला माहीत आहे काय आहे ते.

गजाला : मोठ्यानं वाच ना रे.

सूर्यभान : ‘हाडातील शेतकऱ्.’

गजाला : अन् त्याच्याखाली ‘यांसाठी सूचना’. कापसाच्या जिनिंगवर लोक एकमेकाले दाखवून हासून राह्यले होते. तिथले खुशालरावकाका मले म्हने, बेटी, आजवर नुसते हातानं हाकलत होते, आता कुत्र्याले म्हन्तेत तसं ‘हाड’ लिहून देलं.

वच्छलाबाई : या काही वर्षांत इथं पाहणीला आलेला प्रत्येक जण जिल्ह्याच्या नावाला ‘आत्महत्याग्रस्त’ जोडून परत गेला. तो शब्द तुमच्या फोनवर तुटलेला मी अजून पाहिला नाही. आमच्या नावालाच तेवढी जागा अपुरी पडते.

सूर्यभान : मॅडम, मी शत्रू नाही. मसुदा रखडला तर कंपनी पुढच्या फोनमधून मराठीच काढणार आहे. थोडी मोडकी मराठी चालेल, की मुळीच नको?

वच्छलाबाई : हा प्रश्न तू इंग्रजीबद्दल कुणाला विचारशील का?

सूर्यभान : आणि गजाला, कंपनी देते ते सल्ल्याच्या पानांचं काम तुझ्याकडून जाईल. ही धमकी नाही. निरोप आहे.

गजाला : निरोप्या झाला तर तू! परतवाड्याहून गेला तवा इंजिनिअर होता.

सूर्यभान : शेवटी हवंय काय तुला?

गजाला : ‘अपेक्षित’ काढा, ‘बंधनकारक’ टाका. बस.

सूर्यभान : गटात किती मोठी माणसं बसतात, कल्पना आहे? तू एकटी पानं बनवणारी. तुझ्यासाठी ते शब्द कावून बदलतील?

गजाला : ‘का’ नाई, ‘कावून’ म्हनला! आहे अजून थोडा परतवाडा. आइक. नियम ते लिवतेत, पन तो कुठं मोडते हे पानं बनवणाऱ्यालेच दिसते. म्हनून तर आमाले इचारतेत. अन् इचारलं तर उत्तर द्या लागते. गटाच्या कार्यपद्धतीत काय लिवलं आहे, सांग मॅडमले.

सूर्यभान : हरकतीची दखल घेतल्याशिवाय मसुदा पुढे नेता येत नाही.

गजाला : ते अपेक्षित आहे का?

सूर्यभान : ...बंधनकारक आहे.

वच्छलाबाई : म्हणजे शब्द माहीत होता. फक्त स्वतःसाठी राखून ठेवला होता.

सूर्यभान : मग काय कळवू त्यांना?

गजाला : तू नको कळवू. माहं लिहून झालं. ‘उत्तर मिळाले. समाधान झालेले नाही. हरकत कायम.’ वर इंग्रजीत, खाली मराठीत. अन् त्याच्याखाली नावगाव.

सूर्यभान : गाव लागत नाही तिथे.

गजाला : मले लागते.

सूर्यभान : थांब, अजून एकदा विचार—

गजाला : गेलं.

सूर्यभान : गटाच्या जाहीर नोंदीतलं काही पुसता येत नाही, गजाला. कायमचं राहतं.

गजाला : म्हनून तर तिथं लिवलं.

वच्छलाबाई : तुझा फोन वाजला, सूर्यभान. तिचीच हरकत आली असेल. शेवटची ओळ वाच.

सूर्यभान : ‘गजाला, अकोट, वऱ्...’

वच्छलाबाई : अडखळलास का?

सूर्यभान : पुढचं खाली गेलंय, मॅडम.

गजाला : राहू दे. ज्याच्या ज्याच्या फोनवर तुटते, त्याले नीट होईस्तोवर तसंच दिसू दे.